किर्लोस्कर : एका आडनांवाचा प्रवास

आडनांव ही वस्तु आपणांस जन्मतःच फुकट मिळते, आणि फुकट मिळालेल्या वस्तूकडे मनुष्य सहसा निरखून पाहत नाहीं. शाळेच्या हजेरीपटावर, लग्नाच्या निमंत्रणपत्रिकेंत किंवा दारावरच्या पाटीवर तें दिसतें. त्यापलीकडे त्याचा विचार करण्याचें आपणांस कारण पडत नाहीं. परंतु क्वचित् एखादें आडनांव घराचा उंबरठा ओलांडून बाहेर पडतें, माणसांवरून वस्तूंवर आणि वस्तूंवरून गांवांवर जाऊन बसतें. आणि मग तें एका कुळाच्या मालकीचें न राहतां समाजाच्या बोलण्यांतला एक शब्द होऊन जातें. अशा आडनांवाचा इतिहास म्हणजे नुसती वंशावळ नव्हे. तो त्या समाजाच्या कर्तबगारीचा, आणि प्रसंगीं त्याच्या वैगुण्याचाही, इतिहास असतो.

इटलींतील ‘बेल्लिनी’ या आडनांवाची कथा या दृष्टीनें मोठी मनोरंजक आहे. पंधराव्या शतकांत व्हेनिस शहरीं याकोपो बेल्लिनी नांवाचा चित्रकार होऊन गेला. त्याच्याच घरांतले जेंतिले आणि जोव्हान्नी हे दोघे त्याच्याहून मोठे निघाले. जेंतिले १४७९ सालीं कॉन्स्टँटिनोपलास गेला आणि तेथें त्यानें सुलतान दुसरा मेहमद याची तसबीर काढली. जोव्हान्नीच्या चित्रशाळेंतून तिशियनसारखा चित्रकार बाहेर पडला. पुढें तीन शतकांनीं, देशाच्या दुसऱ्या टोंकास, सिसिली बेटांतील कातानिया शहरीं १८०१ मध्यें व्हिन्चेंझो बेल्लिनी हा संगीतकार जन्मला. ‘नोर्मा’सारखीं संगीत नाटकें रचून १८३५ सालीं, वयाचीं चौतीस वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, तो पॅरिसजवळ निवर्तला. आणि विसाव्या शतकांत व्हेनिसमधील जुझेप्पे चिप्रियानी या उपाहारगृहाच्या मालकानें पांढऱ्या पीच फळाचा गर आणि फसफसणारें मद्य यांचें एक पेय सिद्ध केलें. त्याचा गुलाबी रंग जोव्हान्नीच्या एका चित्रांतील वस्त्राच्या रंगासारखा दिसला, म्हणून त्यास त्यानें ‘बेल्लिनी’ हें नांव दिलें, असें सांगतात. आज जगांतल्या मोठ्या शहरांत ‘बेल्लिनी’ मागितलें असतां बहुधा चित्रही मिळत नाहीं आणि गाणेंही मिळत नाहीं; पेला मिळतो! व्हेनिसचे चित्रकार आणि सिसिलीचा संगीतकार यांचा रक्ताचा संबंध इतिहासास ठाऊक नाहीं. आडनांव तेवढें एक. बाकी सर्व योगायोग.

आपल्या महाराष्ट्रांत असें एखादें आडनांव आहे काय, असा प्रश्न सहज मनांत येतो. चित्रकला, संगीत आणि रोजच्या वापरांतली वस्तु या तिन्ही ठिकाणीं ज्याची मुद्रा उठली आहे असें? आहे, आणि तें सातारा-सांगलीच्या मुलखांत वाढलेलें आहे. शिवाय बेल्लिनीच्या कथेंत जो केवळ योगायोग आहे, तो येथें नाहीं. येथें मंडळी एकाच मुळाच्या फांद्या आहेत. तें आडनांव म्हणजे ‘किर्लोस्कर’.

परंतु त्या कथेकडे वळण्यापूर्वीं आपल्याकडे आडनांवें कशीं पडलीं हें थोडें पाहिलें पाहिजे. कांहीं आडनांवें वृत्तीवरून किंवा वतनावरून आलीं. कुलकर्णी, देशपांडे, जोशी हीं त्यांतलीं. कांहीं एखाद्या गुणावरून, व्यंगावरून किंवा विसरलेल्या प्रसंगावरून पडलीं. परंतु फार मोठा भरणा गांवावरून पडलेल्या आडनांवांचा आहे. गांवाच्या नांवास ‘कर’ लागलें कीं आडनांव तयार झालें. यांत एक मर्म आहे. जो मनुष्य स्वतःच्या गांवांतच राहतो त्यास त्या गांवाच्या नांवानें कोणी ओळखीत नाहीं, कारण तेथें सगळेच त्या गांवचे. तो गांव सोडून परमुलखांत गेला म्हणजे मग नवे शेजारी त्यास मागच्या गांवाच्या नांवानें हांक मारूं लागतात. म्हणजे ‘कर’ प्रत्ययाचें आडनांव हें गांव असल्याची खूण नसून गांव सुटल्याची खूण आहे. आपल्यांतील हजारों कुटुंबें अशीं एका सुटलेल्या गांवाची आठवण पिढ्यान्‌पिढ्या नांवापुढें लावून चाललीं आहेत. आणि त्यांतल्या पुष्कळांनीं तें गांव डोळ्यांनीं पाहिलेलेंही नाहीं.

सांगली जिल्ह्यांतील पलूस गांवाचें उदाहरण घ्या. गायनाचार्य विष्णु दिगंबर यांचे पूर्वज मूळचे गाडगीळ; पलूसचे म्हणून ते पलुसकर झाले. विष्णुबुवांचा जन्म १८७२ सालीं कुरुंदवाडास झाला, विद्या मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्यापाशीं झाली, आणि १९०१ सालीं त्यांनीं गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली ती दूर लाहोरास. पलूस गांव जेथल्या तेथें राहिलें, परंतु त्याचें नांव सबंध हिंदुस्थानांत गायनाबरोबर फिरलें. तसेंच सांगलीनजीकच्या हरिपूरचे देवल. गोविंद बल्लाळ देवल यांनीं ‘शारदा’ लिहिली. त्यांचे बंधु कृष्णाजी बल्लाळ यांनीं बावीस श्रुतींचा शास्त्रीय अभ्यास करून १९१० सालीं त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. आणि त्याच आडनांवाची, मिरजेजवळच्या म्हैसाळची, देवल सर्कस गांवोगांवच्या मुलांचें आकर्षण होऊन बसली. नाटक, श्रुतिशास्त्र आणि सर्कस हीं एका आडनांवाखालीं नांदलेलीं दुसरीकडे क्वचितच आढळतील.

किर्लोस्करांची कथा याहूनही विस्तृत आहे. दक्षिण कोंकणांत मालवणच्या बाजूस किर्लोस नांवाचें लहानसें खेडें आहे; त्यावरून हें आडनांव पडलें. घाट चढून हें घराणें कर्नाटकांत बेळगांव जिल्ह्यांतील गुर्लहोसूर येथें स्थायिक झालें. भोंवतालची भाषा कानडी, घरांतली मराठी, आणि नांवांत कोंकणांतलें खेडें, अशी ही तिहेरी वीण होती.

याच गुर्लहोसुरास ३१ मार्च १८४३ रोजीं बळवंत पांडुरंग, म्हणजेच अण्णासाहेब किर्लोस्कर, यांचा जन्म झाला. वाचकांस हें साल ओळखीचें वाटेल. त्याच १८४३ च्या नोव्हेंबर महिन्यांत सांगलीस चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयानें विष्णुदास भावे यांनीं ‘सीतास्वयंवर’ हा खेळ करून दाखविला आणि मराठी नाटकाचा पाया घातला. जें नाटक सांगलीस जन्मलें त्यास गाणें शिकविणारा पुरुष त्याच वर्षीं मलप्रभेच्या कांठीं जन्मला होता.

भाव्यांच्या खेळांत पदें सूत्रधार म्हणत असे. पात्रें त्यास अनुसरून हावभाव करीत आणि बोलत. अण्णासाहेबांनीं ही मांडणी पालटली. ते प्रथम शिक्षक होते. बेळगांवास शिकवीत असतां गोविंद बल्लाळ देवल हे त्यांचे विद्यार्थी होते. पुढें ते सरकारी कचेरींत नोकरीस लागले. पुण्यास असतां पारशी मंडळीचा गाण्यांनीं भरलेला खेळ त्यांनीं पाहिला, आणि मराठींत असें कां होऊं नये, हा प्रश्न त्यांच्या मनांत घोळूं लागला. ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं पुण्यांत ‘संगीत शाकुंतला’चे पहिले चार अंक रंगभूमीवर आले. त्यांत शकुंतलेचें दुःख शकुंतलाच गाऊं लागली. सूत्रधाराकडून पात्राकडे गाणें येणें ही गोष्ट दिसावयास लहान, परंतु तीमुळें पात्रास स्वतःचा गळा मिळाला. १८८२ मध्यें ‘सौभद्र’ आलें. कीर्तनांतील साकी-दिंडी, लावणीच्या चाली, कर्नाटकी वळणें आणि हिंदुस्थानी राग या सर्वांस त्यांनीं एका पंक्तीस बसविलें. गुर्लहोसूरच्या कानडी शेजारानें त्यांच्या कानास जें दिलें होतें तें येथें कामास आलें.

२ नोव्हेंबर १८८५ रोजीं अण्णासाहेब गुर्लहोसुरासच वारले. त्या वेळीं त्यांचें वय अवघें बेचाळीस होतें आणि ‘रामराज्यवियोग’ अपुरें राहिलें होतें. सिसिलीच्या बेल्लिनीस जाऊन त्या वर्षीं बरोबर पन्नास वर्षें झालीं होतीं. नांवाचा धनी गेला, परंतु मंडळीनें पाटी बदलली नाहीं. ‘किर्लोस्कर नाटक मंडळी’ हेंच नांव पुढें तीस वर्षांहून अधिक काळ गांवोगांवच्या भिंतींवर झळकत राहिलें. भाऊराव कोल्हटकरांचा आवाज याच नांवाखालीं महाराष्ट्रानें ऐकिला. हरिपूरच्या देवलांची ‘शारदा’ १८९९ सालीं याच मंडळीनें रंगभूमीवर आणिली; सांगलीच्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचें ‘मानापमान’ १९११ सालीं याच मंडळीनें केलें. आणि १९०५ सालीं मिरजेस याच मंडळीच्या ‘शाकुंतला’ंत नारायण श्रीपाद राजहंस या सतरा वर्षांच्या मुलानें शकुंतलेची भूमिका केली. त्यास महाराष्ट्र पुढें बालगंधर्व म्हणून ओळखूं लागला. त्यांचें मूळ गांव नागठाणें हेंही याच सांगली जिल्ह्यांतलें. म्हणजे किर्लोस्कर हें नांव कृष्णेच्या खोऱ्यांत प्रथम आलें तें सुरांवर बसून. त्याच्यामागून लोखंड यावयाचें होतें.

त्याच गुर्लहोसुरास, त्याच घराण्यांत, २० जून १८६९ रोजीं लक्ष्मण काशीनाथ किर्लोस्कर यांचा जन्म झाला. लक्ष्मणरावांस लहानपणापासून दोन गोष्टींचा नाद होता: चित्रें काढणें आणि यंत्रें खोलून पाहणें. चित्रकार व्हावें म्हणून ते मुंबईस जे. जे. कलाशाळेंत दाखल झाले. तेथें असें आढळून आलें कीं, त्यांस कांहीं रंगांतला भेद नीट ओळखतां येत नाहीं. रंगांचा भेद न कळणाऱ्यास चित्रकारी कशी साधावी? दुसरा कोणी असता तर हताश होऊन घरीं परतला असता. लक्ष्मणरावांनीं रंग सोडले, परंतु रेषा सोडली नाहीं. ते यंत्रांचीं रेखाचित्रें काढावयास शिकले आणि व्हिक्टोरिया जुबिली तंत्रशाळेंत शिक्षक झाले. ज्या हातानें देवदेवतांचीं चित्रें काढावयाचीं तो हात चाकें, दंतचक्रें आणि फाळ काढूं लागला. बेल्लिनी घराण्यास रंगाची जी देणगी होती ती या घराण्यांतल्या या पुरुषास नाकारली गेली. आणि त्या नाकारण्यांतूनच महाराष्ट्राचा एक कारखानदार घडला.

त्यापूर्वींच, १८८८ सालीं, बेळगांवास वडील बंधु रामुअण्णा यांच्यासह सायकलींचें दुकान निघालें होतें, आणि त्यावर ‘किर्लोस्कर बंधु’ अशी पाटी लागली होती. मुंबईंतील नोकरींत बढतीच्या वेळीं आपणांस डावललें गेलें असें दिसतांच लक्ष्मणरावांनीं ती नोकरी सोडली आणि ते बेळगांवास परतले. सायकलींपाठोपाठ कडबा कापण्याचें यंत्र तयार झालें, आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर.

नांगराची ही गोष्ट महाराष्ट्रांतील प्रत्येक सुशिक्षितानें समजून घेण्यासारखी आहे. आमचा शेतकरी लांकडी नांगर वापरीत आला होता. काळ्या जमिनींत हरळी आणि कुंदा यांचीं मुळें खोल जातात. लांकडी नांगर वरची माती उकरतो, परंतु तीं मुळें उपटून काढण्याइतका खोल जात नाहीं. लोखंडी नांगर जमीन खोल फाडतो, मातीची ढेंकळें उलथीपालथीं करतो आणि तणाचीं मुळें उन्हास उघडीं पाडतो. इतका उघड फायदा असतांही शेतकरी तो घेईनात. लोखंडानें जमिनींत विष उतरतें अशी समजूत होती. पहिले नांगर विकण्यास दोन वर्षें लागलीं असें सांगतात. यांत शेतकऱ्यास अडाणी म्हणून हंसणें सोपें आहे. पण ज्याचें सारें वर्ष एका पेरणीवर अवलंबून असतें त्यानें अनोळखी वस्तूवर चटकन् विश्वास कां ठेवावा? विश्वास हा नांगराच्या रूपावर बसत नाहीं. तो फोडलेल्या शेतावर, आलेल्या पिकावर, आणि मोडलेला फाळ बदलून देणाऱ्या माणसावर बसतो. तो एकदां बसल्यावर शेतकरी लोखंडी नांगर मागेनासा झाला. तो ‘किर्लोस्कर’ मागूं लागला. कोंकणांतल्या खेड्याचें नांव घाटावरच्या शेतांत एका अवजाराचें नांव होऊन रुजलें तें असें.

इतक्यांत बेळगांवास संकट उभें राहिलें. कारखान्याची जागा शहराच्या वाढीसाठीं हवी, म्हणून ती खालीं करण्याचा हुकूम झाला. भट्टी, साचे, माणसें घेऊन जावें कोठें? त्या वेळीं औंध संस्थानचे अधिपति भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधि मदतीस आले. ते १९०९ मध्यें गादीवर आले होते, आणि ते स्वतः उत्तम चित्रकार होते. रामायणांतील प्रसंगांचीं त्यांचीं चित्रें आणि औंधचें चित्रसंग्रहालय यांची ख्याति आजही आहे. एका चित्रकार राजानें रंग नाकारल्या गेलेल्या दुसऱ्या चित्रकारास आश्रय द्यावा, यांत एक गोड न्याय आहे. त्यांनीं कुंडल रोड स्टेशनाजवळ संस्थानच्या हद्दींतली ३२ एकर जमीन दिली. जमीन कसली? निवडुंगाचें रान; त्यांत सापांचा सुळसुळाट, आणि पाण्याचें दुर्भिक्ष. १० मार्च १९१० रोजीं तेथें वसाहतीचा पाया घातला गेला. तीस नांव मिळालें किर्लोस्करवाडी. पुढें रेल्वे स्टेशनही त्याच नांवानें ओळखलें जाऊं लागलें.

येथें थोडें थांबावेंसें वाटतें. किर्लोस या गांवावरून आडनांव पडलें, आणि त्या आडनांवावरून पुन्हां गांव पडलें. ‘कर’ हा प्रत्यय गांव सुटल्याची खूण आहे असें आम्हीं वर म्हटलें. किर्लोस्करवाडी हें सुटलेलें गांव परत मिळविल्याचें उदाहरण होय. ज्या घराण्यानें पिढ्यान्‌पिढ्या एका खेड्याची आठवण वाहिली त्यानें निवडुंगाच्या माळावर दुसरें खेडें वसवून ती आठवण जणूं फेडून टाकिली. आणि हें घडलें तें पलूसपासून थोड्याच अंतरावर! एका माळावरून एक नांव गाण्याबरोबर बाहेर गेलें, आणि त्याच माळावर दुसरें नांव लोखंडाबरोबर येऊन उतरलें. सातारा-सांगलीच्या मातीचा हा हिशेब मोठा चोख आहे.

वाडींत नांगरांबरोबर उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याचीं यंत्रें आणि पुढें पाण्याचे पंप तयार होऊं लागले. परंतु या वाडीचें चौथें पीक लोखंडाचें नव्हतें. तें कागदाचें होतें. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकर वासुदेव किर्लोस्कर, जन्म १८९१, हे पंडित सातवळेकरांपाशीं चित्रकला शिकलेले. काकांस नाकारलेले रंग पुतण्याच्या हातीं आले. १९२० सालीं त्यांनीं ‘किर्लोस्कर खबर’ हें पत्र सुरू केलें. मूळ हेतु साधा होता: कारखान्याची वार्ता गिऱ्हाइकांस आणि विक्रेत्यांस कळावी. परंतु शंकररावांच्या लेखणीस आणि कुंचल्यास तेवढ्या कुंपणांत राहवलें नाहीं. थोड्याच वर्षांत ‘खबर’ हा शब्द गळून पडला आणि ‘किर्लोस्कर’ हें महाराष्ट्रांतलें एक अग्रगण्य मासिक झालें. १९३० सालीं ‘स्त्री’ निघालें, १९३४ सालीं ‘मनोहर’.

याचा अर्थ नीट ध्यानांत घेण्यासारखा आहे. नांगराचा जो धंदा, त्याच्याच छापखान्यांतून बायकांच्या शिक्षणाचा, विवाहांतील त्यांच्या संमतीचा आणि रूढींच्या जुलमाचा विचार घराघरांत जाऊं लागला. सावरकरांचे विज्ञाननिष्ठेवरील निबंध याच मासिकांत आले. दुपारच्या वेळीं माजघरांत जमिनीवर बसून ‘स्त्री’ वाचणाऱ्या बाईस हरळी ठाऊक नसेल; परंतु मनांतल्या हरळीचीं मुळें किती खोल असतात हें तिला शेतकऱ्याइतकेंच कळत होतें. कोणत्याही मोठ्या शहरापासून दूर, एका लहान स्टेशनाजवळच्या वाडींतून हीं मासिकें निघत आणि मुंबई-पुण्याच्या वाचकांस नवें काय तें सांगत. खेडें मागासलेलें आणि शहर पुढारलेलें, ही आपली सोईची समजूत त्या वाडीनें कांहीं काळ तरी खोटी पाडली. ‘किर्लोस्कर’ म्हणतांच एकास नाट्यगीत आठवावें, दुसऱ्यास नांगर आणि तिसऱ्यास मासिक, अशी स्थिति एका पिढीच्या आंत झाली. पुढें लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव, जन्म १९०३, अमेरिकेंतून यंत्रविद्या शिकून आले, आणि १९४६ सालीं पुण्यास तेलावर चालणाऱ्या एंजिनांचा कारखाना निघाला. मग विहिरीवर धडधडणारें एंजिन हेंही ‘किर्लोस्कर’च झालें. आपल्या आत्मचरित्रास त्यांनीं ‘निवडुंग आणि गुलाब’ अशा अर्थाचें इंग्रजी नांव दिलें, तें वाडीच्या माळाची आठवण ठेवूनच.

येथवर कथा यशाची झाली. परंतु आडनांवाचा इतिहास एवढ्यावर संपवणें म्हणजे अर्धें बोलणें होईल. आडनांव जेवढें दाखवितें त्याहून अधिक झांकतें. किर्लोस्कर मंडळीचें गाणें मोरोबा वाघोलीकर, बाळकोबा नाटेकर, भाऊराव कोल्हटकर यांच्या गळ्यांतलें होतें. किर्लोस्करवाडीचा नांगर ओतणारे हात आसपासच्या खेड्यांतल्या माणसांचे होते. पोलिसांच्या दप्तरीं गुन्हेगार म्हणून नांव लागलेल्या रामोश्यांस लक्ष्मणरावांनीं वाडीच्या राखणीस ठेविलें, आणि त्यांनीं ती राखण इमानानें केली, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. या सर्वांचीं आडनांवें नांगरावर उमटलीं नाहींत. तेव्हां ‘किर्लोस्कर’ हा शब्द उच्चारतांना तो एका घराण्याचा न समजतां अनेकांच्या श्रमाचें टोपणनांव समजणें हेंच न्यायाचें होईल.

आणि नांव मोठें झालें म्हणजे त्याचें संकटही मोठें होतें. ३० जानेवारी १९४८ रोजीं महात्माजींची हत्या झाली. मारेकऱ्याचें आडनांव आणि जात सर्वत्र कळली, आणि सातारा, सांगली, कोल्हापूरच्या मुलखांत ब्राह्मणांच्या घरांवर जाळपोळीची लाट आली. तींत किर्लोस्करवाडीही सुटली नाहीं. कारखान्यास आग लावण्यांत आली. ज्या नांवावर शेतकऱ्यानें चाळीस वर्षें विश्वास टाकिला होता तेंच नांव त्या दिवसांत केवळ जातीची खूण म्हणून वाचलें गेलें. हत्या करणारा निराळा, जळणारा निराळा. मधला दुवा काय, तर आडनांवावरून ओळखूं येणारी जात! आडनांवानें माणूस ओळखण्याची आपली संवय किती निष्पाप दिसते आणि किती घातक ठरूं शकते, याचा याहून कटु धडा या मुलखास मिळालेला नाहीं. ज्या नजरेनें आपण लग्नाच्या बोलण्यांत आडनांव विचारून मनांतल्या मनांत एक हिशेब मांडतों, तीच नजर जमावाच्या हातीं मशाल आली कीं घर निवडते. हें सांगण्यांत कोणाच्या जखमेवरील खपली काढण्याचा हेतु नाहीं. परंतु हें पान गाळून इतिहास लिहिणें बरें नव्हे.

लक्ष्मणराव त्या वेळीं अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. कारखाना पुन्हां उभा राहिला. त्याच वर्षीं औंध संस्थान विलीन झालें. १९४९ मध्यें वाडी दक्षिण सातारा जिल्ह्यांत आली, आणि १९६० सालीं त्या जिल्ह्यास सांगली हें नांव मिळालें. राज्य गेलें, जिल्हा बदलला, जिल्ह्याचें नांवही बदललें. वाडीचें नांव राहिलें. २६ सप्टेंबर १९५६ रोजीं लक्ष्मणराव निवर्तले. १९६९ सालीं त्यांच्या जन्मशताब्दीस भारत सरकारनें त्यांच्या चित्राचें टपालाचें तिकीट काढिलें. ज्यानें तरुणपणीं चित्रें काढण्याचें सोडून दिलें त्याचें चित्र असें देशभर फिरलें. वाडींत आजही पंप तयार होतात, आणि गाड्या आजही त्या स्टेशनावर थांबतात.

आज ‘किर्लोस्कर’ हा शब्द कायद्यानें नोंदलेली व्यापारी मुद्रा आहे. किर्लोस गांवच्या लोकांनीं तो कोणास विकला नव्हता. तो एके काळीं वाटेवरच्या धुळीसारखा कोणाचाच नव्हता. आतां त्यास किंमत आहे, मालक आहेत, हक्क आहेत. यांत गैर कांहीं नाहीं. परंतु ही किंमत कोठून आली, हें विसरूं नये. मंडळीनें धनी गेल्यावरही पाटीस शोभेल असेंच गाणें गाइलें. मोडलेला फाळ बदलून मिळाला. मासिकानें वाचकास न पटणारें परंतु खरें वाटणारें छापलें. तेव्हां थोडी थोडी करून ती जमा झाली. आमच्या जुन्या सावकारी भाषेंत यास पत म्हणतात. पत वारसानें मिळते असें दिसतें. वस्तुतः वारसानें मिळतें तें फक्त खातें. त्यांत शिल्लक ठेवावयाची कीं नुसती उचल करावयाची, हें ज्याचें त्यानें ठरवावयाचें असतें.

बेल्लिनीचा पेला रिकामा होतो आणि त्याबरोबर नांवही ओठांवरून उतरतें. आमच्या मुलखांतल्या या आडनांवाचें तसें झालें नाहीं, कारण तें तोंडीं लागण्यापूर्वीं मातींत उतरलें होतें. आपणां प्रत्येकाच्या नांवापुढें असेंच एखादें न पाहिलेलें गांव उभें आहे. तें कोठें आहे हें शोधून काढण्याची हौस पुष्कळांस असते, आणि ती चांगलीच आहे. परंतु आपल्यामागून येणारे तें नांव घेतील तेव्हां त्यांस कोणतें काम आठवेल, हा प्रश्न त्याहून अवघड आहे. आणि त्याचें उत्तर कोणत्याही वंशावळींत सांपडत नाहीं.